तापातली आकडी आणि चमचा

मूल तापाने फणफणलेले असते. अचानक डोळे वर जातात, हातपाय ताठ होऊन झटके देऊ लागतात, तोंडातून फेस येतो. घरच्यांना वाटते, मूल हातचे गेले. मग कुणी कांदा फोडून नाकाशी धरतो, कुणी चप्पल हुंगवतो, कुणी दातखीळ उघडायला चमचा घालतो. आमच्या सरकारी रुग्णालयात मूल पोहोचते तेव्हा आकडी बहुधा केव्हाच थांबलेली असते आणि ते आईच्या खांद्यावर झोपलेले असते. ओठ मात्र फुटलेला, एखादा दुधाचा दात हललेला. ही इजा चमच्याची.

सहा महिने ते पाच वर्षे या वयातल्या शंभरातल्या दोन ते पाच मुलांना तापात अशी आकडी येते. वाढत्या मेंदूला ताप सोसत नाही. आई-वडिलांना लहानपणी असा त्रास झाला असेल तर शक्यता वाढते. ताप बहुधा साध्या विषाणूंचाच असतो. कित्येकदा आकडी आधी येते आणि अंगाला हात लावल्यावर ताप असल्याचे कळते. ‘हिने ताप अंगावर काढला’ म्हणून सुनेला बोल लावणाऱ्या सासूबाईंना मी हे आवर्जून सांगतो.

आकडी आली की मुलाला सपाट जागी कुशीवर वळवा, म्हणजे लाळ किंवा उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. गळ्याभोवतीचे कपडे सैल करा. झटके दाबून धरू नका. तोंडात बोट, चमचा, पाणी, औषध, काहीही घालू नका. आणि घड्याळ पाहा. हे ऐकून लोक चकित होतात, पण आकडीतले एक मिनिट आईला दहा मिनिटांसारखे वाटते. बहुतेक आकड्या पाच मिनिटांच्या आत आपोआप थांबतात. त्याहून लांबली तर मात्र लगेच १०८ला फोन करा. जवळ दुसरे कुणी असेल तर त्याने मोबाइलवर चित्रण करावे. आम्हाला निदानाला त्याचा फार उपयोग होतो.

पहिली आकडी थांबली तरी मुलाला त्याच दिवशी दाखवाच. मेंदूज्वर, मलेरिया यांसारखी कारणे नाहीत ना, हे पाहावे लागते. मान ताठरली, टाळू फुगली, झटके एकाच बाजूला आले, चोवीस तासांत पुन्हा आले किंवा मूल नीट शुद्धीवर येत नसेल तर थांबू नका.

तिघांपैकी साधारण एका मुलाला पुढच्या एखाद्या तापात पुन्हा आकडी येते. पॅरासिटामॉलने मुलाला बरे वाटते, म्हणून ते वजनाप्रमाणे द्यावे. पण त्याने पुढची आकडी टळेलच असे नाही. बर्फाच्या पट्ट्यांनी तर मूल नुसते कुडकुडते. आकडी लांबण्याची सवय असलेल्या मुलांसाठी नाकात मारायचा मिडाझोलामचा फवारा मिळतो. तो कधी, किती मारायचा हे डॉक्टरांकडून शिकून घ्यावे.

आई-वडिलांचा खरा प्रश्न दारातून बाहेर पडताना येतो, तोही हळू आवाजात : ‘डॉक्टर, ही फिट्सची सुरुवात तर नाही ना?’ साध्या आकडीनंतर अपस्मार जडण्याचे प्रमाण शंभरात एक-दोन, म्हणजे इतर मुलांपेक्षा किंचितच जास्त. बुद्धीवर परिणाम होत नाही. रोजच्या गोळ्या, सीटी स्कॅन यांची बहुधा गरज नसते. तरीही अनेक घरांत ही गोष्ट लपवली जाते, विशेषतः मुलगी असेल तर. निदान अंगणवाडीच्या ताईंना तरी सांगून ठेवा. दिवसाचे काही तास मूल त्यांच्याजवळ असते आणि तिथेही चमचा असतोच.