घडीचे हेल्मेट

बाजाराच्या दिवशी तालुक्याच्या गावी एखादा मोटारसायकलवाला पाहा. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात मेथीची जुडी आणि कोपरात लोंबकळणारे हेल्मेट! टोपी खिशात मावते, फेटा उशाला घेता येतो. या टोपल्याचे करायचे काय? म्हणून पुष्कळ जण ते घरी खुंटीला अडकवूनच निघतात. तेव्हा हेल्मेटची घडी घालता येईल का, हा प्रश्न थट्टेचा नाही.

पण आधी हे टोपले एवढे जाड का, ते समजून घेऊ. बाहेरचे कवच कठीण प्लॅस्टिकचे किंवा फायबरग्लासचे असते. आघात एका ठिकाणी न राहता पसरावा, हे त्याचे काम. खरा राखणदार आत आहे, तो म्हणजे थर्माकोलच्या जातीचा थर. शिक्षकबंधूंनी हा हिशेब फळ्यावर जरूर मांडावा. डोके दीड मीटर उंचीवरून पडले, तर जमिनीपाशी त्याचा वेग ताशी सुमारे 20 किलोमीटर होतो. थांबायला 3 मिलिमीटरच अंतर मिळाले, तर डोक्याला गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी 500 पट धक्का बसतो. तेच अंतर 3 सेंटिमीटर मिळाले, तर 50 पट. थर्माकोल चिरडत जातो तो हे अंतर मिळवून देण्यासाठी. एकदा चिरडला की तो पूर्ववत होत नाही. म्हणून अपघातातून गेलेले हेल्मेट वरून धडधाकट दिसले तरी पुन्हा वापरू नये.

हे ज्ञान सुखासुखी आलेले नाही. 1935 साली इंग्लंडात टी. ई. लॉरेन्स मोटारसायकलच्या अपघातात दगावले. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स हे मेंदूचे शल्यविशारद होते. पुढे 1941 साली केर्न्स यांनी लष्करी मोटारसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांवर लेख लिहून शिरस्त्राणाचे महत्त्व दाखवून दिले.

आता घडीकडे वळू. जाडी कमी करायची नाही, मग वाचवायचे काय? तर आतली पोकळी! हेल्मेट ठेवलेले असते तेव्हा डोक्याची जागा रिकामीच असते ना? घरातली पातेली आपण एकात एक ठेवतो, तसे दोन्ही बाजूंचे तुकडे मधल्या तुकड्याच्या पोटात सरकवायचे. सायकलसाठी असे प्रयत्न झाले आहेत. पोळ्यासारख्या घरांच्या कागदाचे, पंख्यासारखे मिटणारे हेल्मेट करणाऱ्या आयसिस शिफर यांना 2016 साली जेम्स डायसन पारितोषिक मिळाले.

मोटारसायकलचे प्रकरण मात्र अवघड. वेग अधिक, हनुवटीही झाकायची, आणि सांधा आला की तिथे कवच दुबळे. शिवाय घाईत खटका लावायचा राहिला तर? माझ्या मते यावर एकच उपाय : सगळे तुकडे जागच्या जागी बसल्याशिवाय हनुवटीचा पट्टा लागूच नये, अशी रचना हवी. मोटार वाहन कायदा, 1988, याच्या 129व्या कलमाप्रमाणे हेल्मेट भारतीय मानकांना उतरलेले लागते. घडीच्या हेल्मेटलाही त्यातून सूट नाही. तेव्हा आयएसआय चिन्ह पाहूनच घ्या.

तोवर गाडीलाच कुलपाचा आकडा बसवून घ्या, नाहीतर स्कूटरच्या सीटखाली मावते का पाहा. आरशावर मात्र टांगू नका, आतल्या थराला खळगा पडतो. पेट्रोलच्या डब्यापासूनही ते लांब ठेवा. पेट्रोलने थर्माकोल विरघळतो.