गाणं चालेल, गाऱ्हाणं नको
लेखमाला ‘आपल्या लहरी’ : लेखांक सहावा

सामुदायिक रेडिओचा आवाका किती, हे मागच्या लेखांकात पाहिलं. शंभर वॅटचं प्रक्षेपण, तीस मीटरपर्यंतचा मनोरा आणि मुलूख सपाट असेल तर दहा-बारा किलोमीटरचा पल्ला. मध्ये डोंगर आडवा आला की तेवढाही नाही. एखादं बाजाराचं गाव आणि भोवतालच्या वाड्यावस्त्या, एवढंच या केंद्राचं जग. आता प्रश्न असा, की एवढ्या जगात त्यानं बोलायचं कशाबद्दल?

नियमावलीत याचं उत्तर दोन तोंडांनी दिलेलं आहे. एकीकडे ती सांगते, की निदान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून तयार व्हावेत आणि ते शक्यतो तिथल्याच बोलीत असावेत. नियम चांगलाच आहे. त्याच्यामुळेच माण तालुक्यातल्या म्हसवडला ‘माणदेशी तरंग’, जत तालुक्यातल्या जालिहाळला ‘येरळावाणी’ आणि पुणे विद्यापीठात ‘विद्यावाणी’ अशी एकमेकांहून अगदी वेगळी केंद्रं उभी राहू शकली. दुसरीकडे हीच नियमावली बजावते, की बातम्या, चालू घडामोडी आणि राजकीय स्वरूपाचे कार्यक्रम करायचे नाहीत. २००६ च्या धोरणानं स्वयंसेवी संस्थांना रेडिओचं दार उघडलं, तेव्हाच ही अटही घातली. पुढे थोडी सूट दिली गेली. आकाशवाणीच्या बातम्या जशाच्या तशा ऐकवता येतात. सण, यात्रा, परीक्षा, प्रवेश, हवामान, रोगाची साथ, वीज-पाणी यांविषयीची माहिती ‘बातमी’ धरली जात नाही. वीज-पाण्याची माहिती मात्र स्थानिक प्रशासनानं दिलेली असावी लागते.

मेख आहे ती या शेवटच्या अटीत. समजा, गावात चार दिवस नळाला पाणी नाही. ‘उद्या संध्याकाळी पाणी सुटेल’ ही ग्रामपंचायतीनं दिलेली सूचना निवेदिकेनं वाचली, तर कोणाची हरकत नाही. पण तिनं सरपंचांना फोन लावला, जलवाहिनीचं काम कुठे अडलं, कंत्राटदाराचं बिल कोणी थांबवलं, ग्रामसभेत ठरलेली टाकी अजून का उभी राहिली नाही असं विचारलं, आणि ते बोलणं ऐकवलं, तर मामला लगेच ‘चालू घडामोडीं’त जातो. त्यातून परवान्यालाच धक्का लागण्याची भीती असते. संस्था छोटी, पैसा तुटपुंजा, दिल्लीला खेटे घालायची ताकद नाही. मग असा फोन न लावणंच शहाणपणाचं ठरतं. बंदीचा खरा परिणाम हा असा असतो. बाहेरून कोणी तोंड दाबायची गरजच पडत नाही, केंद्र आपणच आपल्या तोंडाला कुलूप घालतं.

‘संस्कृती हवी, राजकारण नको’ ही वाटणी आपल्या मातीत टिकूच शकत नाही, असं माझं ठाम मत आहे. जात्यावरची ओवीच बघा. गी प्वातवाँ आणि हेमा राईरकर यांनी सहकाऱ्यांच्या मदतीनं खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या. त्यात सासरमाहेर आहे, विठ्ठल आहे, तसे बाबासाहेबही आहेत. दळता दळता बाई भावाला साद घालते आणि त्याच लयीत आपल्या जातीवरच्या अन्यायाबद्दलही बोलते. आंबेडकरी जलसे निघाले तेच मुळी माणसं जागी करायला. अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी १९४४ मध्ये लाल बावटा कलापथक काढलं. त्यांच्या डफावरचं गाणं कुठे संपतं आणि भाषण कुठे सुरू होतं, हे कोणत्या अधिकाऱ्यानं ठरवायचं? तमाशातली बतावणी तर गावच्या कारभाऱ्याची फिरकी घेतल्याशिवाय रंगतच नाही. रेडिओवर लोककला आणायची आणि तिच्यातला कारभाऱ्याला विचारलेला प्रश्न गाळायचा, तर मागे नुसता ठेका उरतो.

ही अट घटनेच्या कसोटीवर किती टिकेल, याचा विचार करताना एका मराठी न्यायमूर्तींची आठवण हटकून येते. १९९३ च्या हिरो कप क्रिकेट सामन्यांच्या प्रक्षेपणावरून बंगालची क्रिकेट संघटना आणि सरकार यांच्यात वाद पेटला. त्यावर ९ फेब्रुवारी १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला; न्यायमूर्ती पी. बी. सावंत त्या पीठावर होते. प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, सरकारची मक्तेदारी नव्हे, आणि तिचा वापर जनतेच्या हितासाठी व्हायला हवा, हे त्या निकालाचं सार. देशातल्या सामुदायिक रेडिओची सगळी मागणी या निकालाच्या आधारावर उभी राहिली. तरी सरकारचं पाऊल सावकाशच पडत राहिलं. २००२ मध्ये फक्त शिक्षणसंस्थांना परवानगी मिळाली आणि २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचं केंद्र सुरू झालं. खेड्यातल्या लोकांना २००६ पर्यंत थांबावं लागलं.

या थांबण्याची झळ कोणाला बसली, हे झहीराबादजवळच्या माचनूरमध्ये दिसतं. आज हे गाव तेलंगणात आहे. तिथल्या डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीच्या संघमांमधल्या, म्हणजे बायकांच्या गावगटांमधल्या, दलित शेतकरी बायकांनी युनेस्कोच्या मदतीनं १९९८ च्या सुमारास स्टुडिओ उभारला. यंत्रं आली, बायका ध्वनिमुद्रण शिकल्या, पण परवान्याचा पत्ता नव्हता. मग त्या कार्यक्रम कॅसेटवर भरायच्या आणि संघमच्या बैठकीत टेपरेकॉर्डर मध्ये ठेवून ऐकवायच्या. ज्वारी-बाजरीचं बियाणं कसं राखायचं, कोणता पाला कोणत्या दुखण्यावर चालतो, पेरणीची गाणी, सणांची गाणी, सगळं त्यांच्या झहीराबादी तेलुगूत. असं वर्षानुवर्षं चाललं. १५ ऑक्टोबर २००८ ला ‘संघम रेडिओ’ अखेर हवेत गेला, तेव्हा जनरल नरसम्मा आणि अल्गोल नरसम्मा या दोघी माइकमागे होत्या. ज्यांच्या हाताला दहा वर्षं या यंत्रांची सवय होती, त्यांना रेशन दुकानाच्या कारभारावर चार प्रश्न विचारायची जबाबदारी पेलणार नाही, असं मानायला मी तयार नाही.

शेजारच्या नेपाळनं वेगळी वाट धरली. काठमांडूत १९९७ मध्ये रेडिओ सगरमाथा सुरू झाला आणि पुढच्या काही वर्षांत डोंगराडोंगरांत छोटी एफएम केंद्रं निघाली. ती बातम्याही देत. १ फेब्रुवारी २००५ ला राजे ज्ञानेंद्र यांनी सत्ता हातात घेतली आणि एफएमवर बातम्यांना बंदी घातली. संगीत तेवढं चालेल म्हणून सांगितलं. तेव्हा काही ठिकाणी बातम्या चक्क गाऊन दाखवल्या गेल्या, आणि पत्रकारांनी रस्त्यावर उभं राहून त्या वाचल्या. प्रकरण तिथल्या सर्वोच्च न्यायालयातही गेलं. २००६ च्या जनआंदोलनानंतर केंद्रं पुन्हा मोकळेपणानं बोलू लागली. त्या काळात लोकांनी ही केंद्रं आपली मानली, ती त्यांनी अडचणीच्या वेळी खरी माहिती दिली म्हणून.

आपल्याकडे बंदीच्या बाजूनं दोन कारणं नेहमी दिली जातात. छोट्या केंद्रांवरून भडकावू बोललं जाईल, आणि शेकडो बोलींतलं प्रसारण तपासणं अशक्य होईल. ही भीती अगदीच निराधार नाही. गावातला एखादा गट केंद्र काबीज करू पाहील, हेही मला दिसतं. पण राजकीय पक्षांना आणि त्यांच्या संलग्न संघटनांना परवाना द्यायचा नाही, ही तरतूद आधीपासूनच आहे. बदनामी आणि चिथावणी यांविरुद्ध कायदेही आहेत. तालुक्याचं साप्ताहिक सरपंचांना जाब विचारू शकतं, मोबाइलवर चॅनल चालवणारा पोरगा ग्रामपंचायतीच्या दारात उभा राहून बोलू शकतो. मग ज्या केंद्राचा परवाना, पत्ता आणि जबाबदार माणसं सरकारला ठाऊक आहेत, त्यालाच मनाई का? ‘कॉमन कॉज’ या संस्थेनं २०१३ मध्ये हाच मुद्दा घेऊन सर्वोच्च न्यायालयात याचिका केली होती. सगळी बंदी उठवायची नसेल, तर निदान २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरच्या ग्रामसभा अथपासून इतिपर्यंत ऐकवायला आणि त्यावर दोन्ही बाजूंना बोलतं करायला स्पष्ट शब्दांत मुभा द्यावी. यासाठी मोठा कायदेबदल लागत नाही, नियमावलीत एक ओळ घातली तरी काम होतं.

पुढच्या लेखांकात पैशाकडे वळू. २०२४ मध्ये जाहिरातींची मर्यादा तासाला सात मिनिटांवरून बारा मिनिटांवर गेली आणि दहा सेकंदांचा सरकारी दर ५२ रुपयांवरून ७४ रुपये झाला. केंद्रांना यातून दिलासा मिळाला हे खरं. पण हा दर देणारं गिऱ्हाईक सरकारच आहे, आणि प्रश्न विचारायची मुभा उद्या मिळाली तरी पहिला प्रश्न त्यालाच विचारावा लागणार आहे.