मुली बदलल्या, कप स्पेनकडेच

सतरा वर्षांखालच्या मुलींच्या फुटबॉल विश्वचषकात विजेतेपद राखणं मला फार अवघड वाटतं. मोठ्यांच्या संघात चार वर्षांनंतरही बऱ्याच खेळाडू त्याच असतात; इथे तेवढ्या काळात वयाची अट सगळ्यांनाच बाहेर काढते. २०१८ मध्ये उरुग्वेत मेक्सिकोला हरवून जिंकलेल्या स्पेनच्या मुलींपैकी २०२२ मध्ये एकही चालणार नव्हती. तरी ३० ऑक्टोबरला नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कप पुन्हा स्पेननेच उचलला.

शेळगावात मी शाळेत पीटी शिकवते. आमच्या मुली कबड्डी-खोखोच्या, फुटबॉल त्यांना नवा. भाऊबीजेला ओवाळणं उरकून त्या मॅच बघायला माझ्याकडे जमल्या. मडगावला जर्मनी-स्पेन उपांत्य सामना होता. गोल काही होईना. जर्मनी दमेल, मग स्पेन मारेल, असं मी म्हणत होते. ९० व्या मिनिटाला लुसिया कोरालेसने गोल केला आणि घरात जो दंगा झाला! त्याआधी जपानविरुद्ध तर स्पेन मागे होता. सामना संपत आला तेव्हा सोळा वर्षांच्या विकी लोपेझने दोन गोल मारून तो फिरवला. स्पर्धेतली सर्वोत्तम खेळाडूही तीच ठरली. अंतिम सामन्यात कोलंबियाकडे लिंडा कैसेदोसारखी चपळ पोरगी होती, पण ८२ व्या मिनिटाला त्यांच्याच आना गुझमानकडून स्वयंगोल झाला. १-०.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये स्पेनने वीस वर्षांखालचा विश्वचषकही जिंकला होता आणि २०२३ मध्ये मोठ्यांचा जिंकला. एका पिढीच्या नशिबाने हे होत नाही, मागून येणारी फळी तयार असावी लागते. यजमान म्हणून थेट खेळायला मिळालेल्या आपल्या मुलींवर तीन सामन्यांत सोळा गोल झाले, आपला एकही नाही. त्या मुलींना दोष देणाऱ्यांचा मला राग येतो. त्यांना सामने मिळाले किती, ते आधी विचारा.

याच स्पेनला गटात मेक्सिकोने २-१ ने हरवलं होतं. साखळी होती म्हणून त्यांना पुढचा सामना मिळाला. आमच्या शालेय स्पर्धा बाद पद्धतीच्या. तालुक्याला पहिलाच सामना हरला की मुलींचं वर्ष संपलं. म्हणून आजूबाजूच्या शाळांच्या क्रीडाशिक्षकांना मी सारखी सांगते: आपल्या आपल्यात साखळी सामने लावू, दर शनिवारी, सकाळची शाळा सुटली की.