तुकड्याच्या रिपोर्टमधली प्रथिने
(लेखमाला : पेशींच्या पोटात, भाग ७)

एचपीव्ही हा विषाणू गर्भाशयमुखाच्या पेशीत कसा ठाण मांडतो, ते गेल्या आठवड्यात पाहिले. तुकड्याच्या रिपोर्टमध्ये ‘पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर’ असे निदान आले की घरची माणसे एकच प्रश्न विचारतात, ‘डॉक्टर, पुढं कसं होईल?’ गाठीतल्या किंवा रक्तातल्या प्रथिनांवरून याचे उत्तर देता येते का, हा आजचा विषय.

मराठवाड्यातल्या कितीतरी घरांसाठी हा प्रश्न विचारण्याची जागा म्हणजे छत्रपती संभाजीनगर. घाटी रुग्णालयात आणि शासकीय कर्करोग रुग्णालयात जालना, बीड, परभणी, हिंगोलीकडच्या बाया येतात. काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीतून प्रयोगशाळेत जातो, मेणाच्या ठोकळ्यात बसवला जातो आणि त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचपट्टीवर घेतले जातात. नेहमीच्या गुलाबी-जांभळ्या रंगांत पेशींची ठेवण दिसते. विशिष्ट प्रथिन शोधायचे असेल, तर नेमके त्यालाच चिकटणारे प्रतिपिंड कापावर सोडतात. जिथे ते चिकटते, तिथे तपकिरी रंग उमटतो.

यातले सगळ्यात परिचित प्रथिन म्हणजे पी१६. त्याचे काम पेशीचे विभाजन रोखण्याचे, म्हणजे कॅन्सरच्या पेशीत ते कमी असेल असे कुणालाही वाटेल. पण बहुतेक काचपट्ट्यांवर गाठीचा भाग गडद तपकिरी झालेला दिसतो. याचे कारण विषाणूचे ई७ हे प्रथिन. ते पेशीतल्या आरबी या नियंत्रक प्रथिनाला निकामी करते. ब्रेकची तार तुटलेल्या गाडीत ड्रायव्हर पायडल दाबतच राहतो, तशी पेशी पी१६ बनवत राहते आणि विभाजन मात्र थांबत नाही. त्याच वेळी विषाणूचे ई६ हे दुसरे प्रथिन पी५३ या पहारेकऱ्याचा काटा काढते. या गाठींमध्ये एचपीव्ही १६ असल्याचे हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने १९८३ मध्ये दाखवले, पाठोपाठ एचपीव्ही १८ सापडला. २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळाले.

रिपोर्टवर ‘पी१६ पॉझिटिव्ह’ वाचून घरच्यांच्या पोटात गोळा येतो. तसे घाबरण्याचे कारण नाही. ती खूण रोगामागे एचपीव्ही असल्याचे सुचवते, रोग अधिक उग्र असल्याचे नाही. उलट एचपीव्हीशी संबंध नसलेले थोडे कॅन्सर, विशेषतः ग्रंथीपेशींचे, जास्त चिवट निघतात. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या वर्गीकरणात हे दोन गट वेगळे केले आहेत. पण बहुतेक जणी पी१६ पॉझिटिव्हच असतात, त्यामुळे शेजारशेजारच्या खाटांवरच्या दोघींचे पुढे काय होईल, यातला फरक ही खूण सांगू शकत नाही. विभाजन किती वेगाने चालले आहे ते दाखवणाऱ्या केआय-६७ बद्दल तर निरनिराळ्या अभ्यासांचे निष्कर्ष एकमेकांशी जुळत नाहीत.

रक्तातले एससीसी अँटिजेन जास्त कामाचे आहे. ते १९७७ मध्ये जपानमध्ये वेगळे केले गेले. गाठ मोठी असली किंवा लसिकाग्रंथींपर्यंत पोचली असली, की त्याची पातळी बहुधा वाढलेली असते. उपचारांनंतर ती खाली यायला हवी. उतरलेली पातळी पुन्हा चढू लागली, तर काही वेळा त्रास सुरू होण्याआधीच रोग उलटल्याची चाहूल लागते. मात्र हे प्रथिन निरोगी त्वचेत आणि लाळेतही असते. सोरायसिस किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर आकडा फुगतो. नमुना हाताळताना त्यात त्वचेचे कण किंवा लाळेचा तुषार गेला तरीही फुगतो. तेव्हा एका आकड्याने हाय खाऊ नये. पुन्हा तपासावे आणि आधीच्या आकड्यांशेजारी ठेवून पाहावे.

आणखी एक प्रथिन प्रत्येक फाइलमध्ये असते, पण खूण म्हणून कुणी त्याचे नाव घेत नाही. ते म्हणजे हिमोग्लोबिन. शेक, म्हणजे किरणोपचार, देताना किरणांनी पेशीचे केलेले नुकसान पक्के व्हायला ऑक्सिजन लागतो, आणि तो गाठीपर्यंत नेते हिमोग्लोबिनच. ते कमी असलेल्या रुग्णांत शेकाचा परिणाम कमी दिसतो, हे अनेक ठिकाणी आढळले आहे. अर्थात मोठ्या गाठीतून रक्तही जास्त जाते, म्हणजे कमी हिमोग्लोबिन हे काही अंशी वाढलेल्या रोगाचेच लक्षण असते. तरीही आपल्याकडे आधीच रक्त कमी असलेल्या बाया महिनोन्‌महिने अंगावरून जाणे अंगावरच काढतात, तेव्हा हा साधा आकडा मला कोणत्याही महागड्या तपासणीइतकाच बोलका वाटतो.

बाहेरचा आणि आतला शेक मिळून साधारण आठ आठवड्यांत संपायला हवा. लांबलेल्या प्रत्येक दिवसागणिक रोग आटोक्यात राहण्याची शक्यता थोडी थोडी घटते. ऊसतोडीला गेलेल्या किंवा गावाकडे लेकरे ठेवून आलेल्या बाईसाठी आठ आठवडे शहरात राहणे किती अवघड आहे, ते कुठल्याच काचपट्टीवर उमटत नाही. रुग्णाच्या भवितव्याबद्दल बोलताना हेही धरायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

आणि या सगळ्यांवर मात करते ती स्टेज. टाटा मेमोरियलने घेतलेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तिसऱ्या टप्प्यातल्या ८५० स्त्रिया होत्या. शेकासोबत सिस्प्लाटिन हे केमोचे औषध दिलेल्यांपैकी पाच वर्षांनी ५४ टक्के हयात होत्या, नुसता शेक घेतलेल्यांपैकी ४६ टक्के. हा फरक मोलाचाच आहे. पण रोग त्या टप्प्यापर्यंत पोचण्याआधीच गाठला तर काय होते, ते मराठवाड्यातल्याच धाराशिव जिल्ह्याने, तेव्हाच्या उस्मानाबादने, दाखवून दिले. टाटा मेमोरियल, बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय आणि आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचा तिथे अभ्यास केला. २००९ मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, एकदाच एचपीव्ही तपासणीची सोय झालेल्या गटात या कॅन्सरने ३४ मृत्यू झाले. जवळपास तेवढ्याच मोठ्या, नेहमीच्याच आरोग्यसेवेवर राहिलेल्या गटात ६४.

पी१६ चा सर्वात चांगला उपयोगही याच वाटेवर आहे. एकाच पेशीत पी१६ आणि केआय-६७ दोन्ही रंगले, तर कॅन्सर होण्याआधीचे बदल ओळखता येतात. ती दुहेरी रंगाची तपासणी कशी करतात आणि एचपीव्ही तपासणीनंतर कोणाला तिची गरज पडते, ते पुढच्या भागात.