गाड्यांच्या ‘भरवशाच्या’ यादीवर किती भरवसा ठेवायचा?

मागच्या महिन्यात वडूजहून दादाचा, म्हणजे माझ्या चुलतभावाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर एक फोटो आला. ‘जगातल्या सर्वांत भरवशाच्या कार कंपन्या’ अशी एक ते दहा क्रमांकांची यादी. खाली व्हॉइस मेसेज: “आरं, ह्यातली कुठली घेऊ सांग. या टायमाला फसायचं न्हाय.”

‘या टायमाला’ म्हणण्यामागे कारण आहे. चार वर्षांपूर्वी दादानं अशीच एक यादी बघून वर नाव असलेल्या कंपनीची जुनी गाडी घेतली होती. काकूला दर पंधरा दिवसांनी साताऱ्याला डॉक्टरकडे न्यावं लागतं. वडूजपासून सातारा पन्नास-पंचावन्न किलोमीटर. दीड वर्ष गाडी छान चालली. मग एके दिवशी पुसेगावच्या अलीकडे बंद पडली. बिघाड कसला, तर एका सेन्सरचा. पण तो पार्ट साताऱ्यात नव्हता, पुण्याहून मागवावा लागला आणि गाडी अकरा दिवस जागेवर उभी राहिली. त्या दिवसांत काकू वडापनं साताऱ्याला गेली, मागच्या सीटवर चौथी बसून.

गाडी वाईट नव्हती. यादीही खोटी नव्हती. मग चुकलं काय? आज तेच समजून घेऊ. कारण आपल्यापैकी बरेच जण गाडी घेताना आधी मोबाईलवर ‘मोस्ट रिलायबल कार ब्रँड’ असंच शोधतात.

यादी बनते कशी?

दादाच्या फोटोतले आकडे पाहिल्यावर ओळख पटली. ती अमेरिकेतल्या जे. डी. पॉवर या संस्थेची २०२५ ची यादी होती. पहिली लेक्सस, दुसरी ब्युइक, तिसरी माझ्दा, चौथी टोयोटा. आता गंमत बघा. ब्युइक आणि माझ्दा भारतात विकल्याच जात नाहीत. लेक्सस विकली जाते, पण तिच्या किमतीत वडूजला जागेसकट घर होईल. म्हणजे पहिल्या चारांतली दादाच्या कामाची एकच.

या यादीची पद्धत अशी आहे. अमेरिकेत नवी गाडी घेऊन तीन वर्षं झालेल्या मूळ मालकांना विचारतात, की गेल्या बारा महिन्यांत काय काय बिघडलं? मग दर १०० गाड्यांमागे किती तक्रारी आल्या ते मोजतात. आकडा जितका कमी तितकी कंपनी वर. २०२५ ला लेक्ससचा आकडा १४० होता आणि सगळ्या कंपन्यांची सरासरी २०२.

१४० आणि २०२ ऐकायला फरक मोठा वाटतो. पण हे १०० गाड्यांचे आकडे आहेत. एका गाडीवर आणा. पहिल्या नंबरच्या गाडीला वर्षात १.४ तक्रारी, सरासरी गाडीला साधारण दोन. सगळ्यात वरच्या आणि मधल्या कंपनीत फरक आहे, तो वर्षाला एका तक्रारीपेक्षाही कमी. तिसऱ्या आणि चौथ्या नंबरमध्ये तर १६१ आणि १६२, म्हणजे नावापुरताच फरक. पण यादीत एक वर आणि एक खाली दिसते आणि आपल्या डोक्यात तेच बसतं.

‘तक्रार’ म्हणजे नक्की काय?

हा मुद्दा मोबाईलवाल्यांनी नीट वाचा. त्याच २०२५ च्या सर्व्हेत सगळ्यात जास्त आलेली तक्रार इंजिनाची नव्हती आणि गिअरबॉक्सचीही नव्हती. ती होती अँड्रॉइड ऑटो आणि अ‍ॅपल कारप्ले नीट कनेक्ट न होण्याची! आदल्या वर्षीही तीच पहिल्या नंबरवर होती.

या मोजणीत प्रत्येक तक्रार म्हणजे एक तक्रार. फोन स्क्रीनला जोडला गेला नाही, ही एक. गिअरबॉक्स बसला, हीही एकच. पण पहिल्यात तुमचं गाणं थांबतं आणि दुसऱ्यात तुम्ही रस्त्यात थांबता. मोठ्या स्क्रीनची, भरपूर फीचर्सवाली गाडी म्हणून या यादीत खाली जाऊ शकते, जरी तिचं इंजिन दणकट असलं तरी.

सगळ्याच याद्या अशा नसतात. अमेरिकेतलीच कन्झ्युमर रिपोर्ट्स ही ना-नफा संस्था १९३६ पासून काम करते. ती जाहिराती घेत नाही आणि चाचणीच्या गाड्या स्वतः विकत घेते. आपल्या सभासदांना ती गाडीच्या वेगवेगळ्या भागांबद्दल विचारते आणि इंजिन, गिअरबॉक्ससारख्या मोठ्या बिघाडांना जास्त वजन देते. जर्मनीत एडीएसी हा वाहनधारकांचा क्लब मालकांची मतं विचारत नाही. रस्त्यात गाडी बंद पडल्यावर मदतीसाठी किती फोन आले ते तो मोजतो. तिथे चाळीस टक्क्यांहून जास्त बिघाड साध्या १२ व्होल्टच्या बॅटरीचे निघतात. त्यात कंपनीचा दोष किती आणि मालकानं बॅटरी वेळेवर न बदलण्याचा किती, हे ओळखणं अवघड.

पद्धत बदलली की क्रमांकही बदलतो. २०२४ च्या अखेरीस कन्झ्युमर रिपोर्ट्सच्या यादीत सुबारू पहिली होती. जे. डी. पॉवरच्या २०२५ च्या यादीत पहिल्या चारांत सुबारूचं नावही नाही. पण लेक्सस आणि टोयोटा दोन्हीकडे वरच आहेत. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

एक प्रश्न नेहमी येतो: “कंपन्या पैसे देऊन नंबर मिळवतात का?” जे. डी. पॉवरच्या बाबतीत पैसे लागतात ते जाहिरातीत पुरस्काराचं नाव आणि चिन्ह वापरायला. नंबर सर्व्हेतूनच येतो. पण जाहिरात करते ती जिंकलेली कंपनी, आणि जिंकलेल्या गटाचीच करते. बाकी दहा ठिकाणी ती कुठे होती, ते होर्डिंगवर लिहीत नाहीत.

कंपनीला मार्क, पण गाडी कुणाची?

आता खरा घोळ. यादी कंपनीची असते, आपण घेतो ते मॉडेल.

आपल्या पुणे जिल्ह्यातलं चाकण घ्या. तिथल्या एकाच कारखान्यातून स्कोडा कुशाक आणि फोक्सवॅगन टायगुन या दोन गाड्या बाहेर पडतात. दोन्ही २०२१ ला बाजारात आल्या. खालचा सांगाडा तोच, १ लिटर आणि १.५ लिटरची टर्बो पेट्रोल इंजिनं तीच. चेहरा आणि बिल्ला वेगळा. दुसरं उदाहरण टोयोटा ग्लान्झा. ती मुळात मारुतीची बलेनो आहे आणि सुझुकीच्या गुजरातमधल्या कारखान्यात बनते. उलट मारुतीची इनव्हिक्टो ही मुळात टोयोटाची इनोव्हा हायक्रॉस.

मग सांगा, ‘टोयोटा भरवशाची’ म्हणून ग्लान्झा घेतली, तर आपण भरवसा कुणावर ठेवला? अमेरिकेत तीन वर्षं चाललेल्या टोयोटांवर. त्या सर्व्हेत ग्लान्झा एकही नव्हती, कारण ती तिकडे विकतच नाहीत. ग्लान्झा वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण तिचा पुरावा हवा असेल तर बलेनो चालवणाऱ्याला विचारा, तो गल्लीत सापडेल.

एकाच कंपनीतही फरक असतो. बरीच वर्षं चालत आलेलं इंजिन आणि काल आलेलं नवं टर्बो इंजिन यांचा स्वभाव एक नसतो. मॉडेल पूर्ण बदललं की पहिल्या एक-दोन वर्षांत तक्रारी जास्त निघतात. कंपनीच्या सरासरीत हे सगळं एकत्र मिसळून जातं.

मग गावच्या मिस्त्रीचं ऐकायचं?

दादाचा पुढचा मेसेज आला: “यादी जाऊ दे. मिस्त्री म्हणतो मारुती घेऊ नको, त्याच्याकडं सारख्या त्याच येत्यात.”

इथेही थांबायला पाहिजे. देशात विकल्या जाणाऱ्या दर दहा कारमध्ये साधारण चार मारुतीच्या असतात. त्यामुळे गॅरेजमध्ये दहा गाड्या उभ्या असतील, तर चार मारुतीच्या असणं अगदी सरळ आहे. दहात सात असत्या, तर विचार करायला हवा होता. शिवाय वॉरंटीतल्या गाड्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जातात, मिस्त्रीकडे येतात त्या जुन्या. आणि ज्या गाडीचा पार्टच गावात मिळत नाही, ती त्याच्याकडे येतच नाही.

रिकॉलच्या बातमीचंही तसंच. सप्टेंबर २०२१ मध्ये मारुतीनं सियाझ, अर्टिगा, विटारा ब्रेझा, एस-क्रॉस आणि एक्सएल६ च्या १,८१,७५४ पेट्रोल गाड्या एका विद्युत भागाच्या तपासणीसाठी परत बोलावल्या. आकडा ऐकून धडकी भरते. पण प्रश्न विचारा: कितीपैकी? जो जास्त विकतो त्याचा रिकॉलचा आकडा मोठाच येणार. कंपनी स्वतःहून बोलावून फुकटात भाग बदलून देत असेल, तर ती चांगलीच गोष्ट. काळजी त्या गाडीची करा, जिचं रिकॉलचं काम राहून गेलंय आणि ती आता तुम्हाला विकली जातेय.

आणि हो, भारत एनसीएपीचे स्टार म्हणजे भरवसा नव्हे. ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालेली ती चाचणी अपघातात माणूस किती वाचेल ते सांगते. स्टार बघाच, जीवाचा प्रश्न आहे. पण पाच स्टारची गाडी कमी बिघडते, असा त्याचा अर्थ होत नाही.

यादी वापरायची कशी?

यादी फेकून द्या, असं मी म्हणणार नाही. तिच्याकडून निवड करून घेऊ नका, फक्त गाळणी म्हणून वापरा. एकच नाव वेगवेगळ्या पद्धतीच्या याद्यांत, सलग चार-पाच वर्षं वर दिसत असेल, तर त्यात तथ्य असतं. लेक्सस-टोयोटाचं तसं आहे. कुणी सारखं तळाला असेल, तर सावध व्हा. मधल्या आठ-दहा कंपन्यांत कोण पाचवी आणि कोण आठवी, यावर एक रुपयाही लावू नका. आणि यादी उघडली की आधी चार गोष्टी शोधा: देश कोणता, गाड्या किती वर्षांच्या, तक्रार कशाला म्हटलंय आणि माझं मॉडेल त्यात आहे का. फॉरवर्डमध्ये या चारपैकी एकही नसेल, तर ती यादी नाही, नुसता फोटो आहे.

बाकीचं काम तुमचा मोबाईल करू शकतो. दादाला मी हे करायला लावलं:

१. एमपरिवहन अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून नोंदणीची तारीख, इंधन आणि विम्याची मुदत पाहा. विकणारा सांगतो त्याच्याशी जुळतंय का?

२. चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या साइटवर रिकॉल तपासा. काम बाकी असेल तर सर्व्हिस सेंटरकडून आधी करून घ्या.

३. सर्व्हिस सेंटरमधून आजवरच्या सर्व्हिसिंगची नोंद मागा. किलोमीटर मागे फिरवलेत का, ते इथे कळतं.

४. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांना ओबीडी सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचं छोटं यंत्र लावलं की बिघाडाचे कोड मोबाईलवर दिसतात. उदाहरणार्थ, पी०३०० म्हणजे इंजिन मिसफायर करतंय. एकही कोड नाही म्हणून हुरळू नका, विकणारा ते आदल्या दिवशी पुसूही शकतो.

५. तेच मॉडेल, तेच इंजिन साठ हजार किलोमीटरच्या पुढे चालवलेले तीन मालक गाठा. त्यांना “गाडी कशी आहे?” विचारू नका, सगळे चांगलीच म्हणतात. “शेवटची कधी बंद पडली, पार्ट कुठून आला आणि किती दिवस लागले?” असं विचारा.

पाचवा प्रश्न कुठल्याच यादीत नसतो, आणि काकूसाठी तोच सगळ्यात महत्त्वाचा होता. वर्षाला दीड तक्रार की दोन, यानं तिला फरक पडत नाही. गाडी दुसऱ्या दिवशी सुरू होते की बाराव्या दिवशी, यानं पडतो.

दादानं शेवटी गलाईच्या धंद्यासाठी तमिळनाडूत असलेल्या एका गाववाल्याची गाडी घेतली. ऐंशी हजार किलोमीटर चाललेली, पण बहुतेक हायवेवर, आणि सर्व्हिसिंगची प्रत्येक पावती जपून ठेवलेली. तिच्या कंपनीचं नाव त्या फोटोत नव्हतं. क्लच लवकरच करावा लागेल, हे मिस्त्रीनं आधीच सांगितलंय. दादानं त्याचे पैसे बाजूला काढलेत आणि क्लच प्लेट वडूजमध्येच मिळते, याची खात्रीही करून घेतली आहे.

काल त्याचा फोन होता. साताऱ्याहून परत येत होते. “काकू पुढच्या सीटवर झोपलीय,” म्हणाला, “हळू बोल.”