गंगादशहरा आणि कयाधूचे पाणी

ज्येष्ठ शुद्ध प्रतिपदेपासून दशमीपर्यंत गंगादशहऱ्याचा उत्सव चालतो. ज्यांना भागीरथी दूर, त्यांनी जवळच्या नदीतच गंगेचे स्मरण करून स्नान करावे, अशी रीत आहे. आम्हा कळमनुरीकरांची गंगा म्हणजे कयाधू. भक्त प्रल्हादाच्या मातेचे नाव धारण करणारी ही नदी संत नामदेवांच्या नर्सीवरून, हिंगोलीजवळून आमच्या तालुक्यात येते व पुढे पैनगंगेस मिळते. पैनगंगा वर्धेस, वर्धा प्राणहितेच्या रूपाने गोदावरीस. म्हणजे हे पाणी अखेर दक्षिणगंगेतच जाते. येथील स्नान ते गंगास्नानच, असे आम्ही कीर्तनातून सांगत आलो. त्याच न्यायाने येथील गटारही गंगेतच जाते, हे सांगावयाचे मात्र बरीच वर्षे राहून गेले.

ते सुचले एका प्रसंगामुळे. पंचवीसेक वर्षांपूर्वी एका गावी नामसप्ताहात आमचे कीर्तन होते. बारवेचे पाणी आरशासारखे नितळ. त्याचेच तीर्थ, त्याचाच स्वयंपाक. काल्याच्या दुसऱ्या दिवशी निम्म्या गावास जुलाब-उलट्या सुरू झाल्या. आम्हीही चार दिवस अंथरुणास खिळलो. शेजारच्या शोषखड्ड्याचे पाणी बारवेत झिरपत होते, असे मागाहून समजले. ज्या हातांनी तीर्थ वाटले, त्या हातांची आम्हांस लाज वाटली.

पाणी निवळण्याची विद्या आपल्याकडे जुनीच. सुश्रुताने गढूळ पाणी स्वच्छ करणारी सात द्रव्ये सांगितली असून त्यांत पहिले कतक, म्हणजे आपली निवळी. आमच्या मातोश्री पावसाळ्यात घागरीत तुरटी फिरवीत. गाळाचे सूक्ष्म कण त्याने एकमेकांस चिकटतात, जड होतात आणि तळाशी बसतात. शहरांच्या जलशुद्धीकरण केंद्रांत आजही हीच क्रिया चालते. पुढे वाळूच्या थरांतून गाळणे आणि क्लोरीन. कारण गाळ बसला तरी रोगजंतू सगळे बसत नाहीत. बारवेने आम्हांस तेच दाखविले होते.

मैलापाण्याची गोष्ट निराळी. ते आधी जाळीतून जाते, वाळू-खडी खाली बसते. नंतर हौदात हवा खेळवितात आणि असंख्य जिवाणू त्यातील घाण खाऊन टाकतात. आर्डर्न व लॉकेट या दोघा इंग्रज संशोधकांनी १९१४ साली मँचेस्टर येथे यातली मेख ओळखली: खाली बसलेला जिवाणूंचा गाळ टाकून न देता त्यातला काही पुन्हा नव्या पाण्यात मिसळावा. आमच्या गृहिणींना हे समजावून सांगावयास नको. विरजण त्या रोजच राखून ठेवतात! कारखान्यांच्या पाण्यातील जड धातू मात्र जिवाणूंना पचत नाहीत. ते कारखान्याच्या आवारातच वेगळे काढावे लागतात.

हवेचे पंप अहोरात्र चालविण्याइतकी वीज लहान गावांना परवडणे कठीण. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेची ‘फायटोरिड’ पद्धती म्हणूनच आम्हांस भावते. खडीच्या थरांतून सांडपाणी संथ वाहते. वर कर्दळ, पाणकणीस अशा वनस्पती. त्यांच्या मुळांशी वसलेले जिवाणू घाण पचवितात. वीज फारशी लागत नाही, जागा मात्र लागते.

दशहरा येतो तो नेमका पावसाच्या तोंडावर. पात्र आटलेले असते. त्यात पडलेली घाण पातळ व्हावयास प्रवाहच नसतो. दशहरा म्हणजे दहा पापे हरण करणारा. त्या दहांत अदत्तादान आहे, हिंसाही आहे. खालच्या गावाचे स्वच्छ पाणी हिरावून घेणे यांपैकी कशात मोडते? आमच्या मते दोहोंत. जलात मलमूत्र टाकू नये, असे मनूने स्पष्ट सांगितले आहे. कतकाचे फळ पाणी निवळते खरे, परंतु त्याचे नुसते नाव घेतल्याने पाणी निवळत नाही, असेही तोच म्हणतो.

यंदा पूर्वरंगास आम्ही तोच श्लोक घेणार आहोत. आख्यान अर्थात भगीरथाचे. तीर्थाचे पाणी अलीकडे आम्ही घरूनच उकळून, झाकून नेतो. काही श्रोते हसतात. हसोत बापडे.