सातव्या वेताची गाय

दूध किती देते हे मी विचारायच्या आतच दादा गाईच्या मागे उकिडवे बसले. "आधी कास बगा," म्हणाले. "सातवं वेत हाय, तरी गुडघ्याच्या वरच हाय." कोऱ्हाळे बुद्रुकच्या दादांच्या गोठ्यात पहाटेची धार चालू होती. कास लोंबली की सड शेणाला लागतात, पायाखाली चेंगरतात, मग दगडी होते, म्हणजे कास सुजते. एखादं सड कायमचं गेलं की गाईला बाजार दिसतो.

संकरित कालवड व्यायला अडीचेक वर्षं घेते. तोवर ती नुसती खाते. दूध भरात येतं तिसऱ्या-चौथ्या वेताला, आणि आपल्या बऱ्याच होल्स्टिन संकरित गाई नेमक्या त्याच सुमारास गोठ्याबाहेर पडतात. कुणी लंगडते, कुणी गाभण न राहता सारखी उलटते. वीस लिटरच्या नादात हा हिशेब कुणी मांडत नाही.

दादा रेतनाची कांडी निवडतात ती वळूच्या लेकींची कास आणि खुर विचारून. लेकी किती वेतं टिकल्या हे कळायला वर्षं जातात. कास पहिल्याच वेताला दिसते. अमेरिकेत वळूच्या मूल्यांकनात लेकींचं उत्पादक आयुष्य १९९४ पासून धरतात. पण टिकाऊपणा रक्तातून थोडाच उतरतो, बाकी सगळं दावणीवर. सोमेश्वर साखर कारखान्याचा हंगाम लागला की इथे उसाचं वाढं मुबलक. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, म्हणून दादा वाढं मोजकंच टाकतात. भर मुरघासावर आणि खनिज मिश्रणावर.

टिकण्याचा असाच हिशेब मेंढ्यांतही दिसला. कालव्याकडच्या तुटलेल्या उसाच्या रानात मेंढ्यांचा वाडा उतरला होता. तिथल्या मेंढपाळ मामांनी एका म्हाताऱ्या मेंढीचा जबडा उघडून दाखवला. मधले दोन दात पडलेले. पुढचे दात गेले की तोकडं गवत खुडता येत नाही, मेंढी खंगते. ही मात्र अजून कोकरू पाजत होती, आणि कळपासाठी मामांनी तिचाच नर राखला होता. नीरेपलीकडे फलटणच्या निंबकर संस्थेने सुंदरबनच्या गॅरोल मेंढीचं जनुक दख्खनी मेंढीत आणून जुळी देणारी 'नारी सुवर्णा' घडवली. तिचा विषय काढला तर मामा म्हणाले, "जुळी झाली तर ब्येसच. पन दोनी पाजून कळपासंगं चालली पायजे."

दादांच्या त्या गाईला या खेपेला कालवड झाली आहे. ती विकायची नाही, असं घरात ठरलंय.